तपासणीच्या दिवसापुरता मी

मित्रांनो, माझ्यावर एक आरोप आहे. मी गाडीचा गळा आवळतो, तिचा श्वास कोंडतो, तिला पळू देत नाही, असे लोक म्हणतात. हा आरोप माझ्यासमोर झाला, निकालही माझ्यासमोर लागला आणि मला कुणी एक शब्द विचारला नाही. म्हणून आज मीच बोलणार आहे.

मी मोटारगाडीच्या पोटाखाली बसणारा एक जुना डबा आहे. पुस्तकांत मला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. जपानमध्ये माझे नाव शोकुबाई. तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे. हसा. मी बाई नाही, पण या नावावरून एका सात वर्षांच्या मुलीने माझ्यावर माया केली, तेव्हा नावाबद्दल माझी काही तक्रार नाही.

बाहेरून मी पोलादी आहे. आत सिरॅमिकचे पोळे आहे, मधमाश्यांचे असते तसे, पण त्याहून कितीतरी बारीक भोकांचे. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. इंजिनातून निघालेला विषारी वायू या भोकांतून जातो आणि पलीकडे बाहेर पडेपर्यंत त्याचे बरेचसे विष उतरलेले असते. एवढेच माझे काम. त्याचा ना आवाज होतो, ना ते कुणाला दिसते.

माझा जन्म १९८९ सालचा, जर्मनीतल्या एका कारखान्यातला. तिथे एका रांगेत एकसारख्या निळ्या गाड्या तयार व्हायच्या, पण प्रत्येकीवर ती कुठल्या देशात जाणार याची चिठ्ठी असे. त्या वर्षी युरोपातल्या पुष्कळ देशांत माझ्यावाचून गाडी विकता येत होती. जपानमध्ये येत नव्हती. त्यामुळे जपानची चिठ्ठी लागलेल्या गाडीच्या इंजिनात जरा मवाळ कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, बसवत, पोटाखाली मला बसवत, आणि माझ्या अंगाला एक तापमापक जोडत. मी जास्त तापलो की चालवणाऱ्याच्या समोर लाल दिवा लागायचा. तो दिवा फक्त जपानच्या गाड्यांना होता. युरोपच्या गाडीची ताकद वीस-पंचवीस घोड्यांनी जास्त होती, हे मी लपवणार नाही. मी खोटे बोलत नाही. खोटे बोलायला मला लावले, ते पुढे सांगतो.

जपानच्या कोबे बंदरात आम्ही जहाजाने पोचलो. गाडी घेतली मोरिमोतो-सान यांनी; 'सान' हे आपल्या 'जी'सारखे. त्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होत्या, वय तेव्हा त्रेचाळीस. गाडी विकणाऱ्याने त्यांना बिचकत सांगितले, "युरोपातली हीच गाडी याहून जोरात पळते." त्या म्हणाल्या, "मला हीच हवी आहे." चौतीस वर्षे त्यांनी ती चालवली. कोबेचे रस्ते समुद्रापासून डोंगराकडे सरळ चढतात. त्या चढांवर थंडीतही त्या इंजिनाला गरम व्हायला वेळ द्यायच्या, मगच पाय दाबायच्या. दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी असते, तिला इथे शाकेन म्हणतात. ताकेदा-सान नावाचे मेकॅनिक गाडी वर उचलायचे, माझ्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, आतून भरीव आवाज आला की म्हणायचे, "अजून धडधाकट आहे." चौतीस वर्षांत माझे कौतुक केले ते या एका माणसाने. मला तेवढे पुरत होते.

सत्त्याहत्तराव्या वर्षी मोरिमोतो-सान यांनी स्वतः जाऊन आपले लायसन्स परत केले. गाडी वर्षभर नुसती उभी राहिली. मग शेजारच्या घरात राहणाऱ्या नचिकेतने ती मागितली.

नचिकेत पुण्याचा. कोबेत एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याची बायको अनघा युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत काम करायची. मुलगी कौमुदी पहिलीत. दोघांना घरी यायला संध्याकाळ व्हायची, म्हणून शाळा सुटली की कौमुदी मोरिमोतो-सान यांच्याकडेच असे. त्यांचे पहिले नाव फुमिए, म्हणून ती त्यांना फुमी-बाचान म्हणायची, म्हणजे फुमीआजी. त्या नात्यानेच गाडी नचिकेतला मिळाली. किल्ली देताना त्या एवढेच म्हणाल्या, "ही सावकाश गरम होते. घाई करू नका."

गाडी दमली होती, हे खरे. चढावर धापा टाकायची. नचिकेतने तिला ताकेदा-सानकडे नेले. त्यांनी दोन दिवस बघून सांगितले, "पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय. रबरी नळ्यांना भेगा पडल्यात. धूर तपासून इंजिनाला पेट्रोल किती हवं ते सांगणारा सेन्सर मेलाय. हे सगळं बदलू या, गाडी चालेल." त्यांनी माझ्यावर टकटक केली. "हा ठीक आहे."

त्याच रविवारी नचिकेतचा मित्र धीरज जेवायला आला. त्याची स्वतःची गाडी अशी की ती गल्लीत शिरली की कुत्री भुंकायला लागतात. जेवण झाल्यावर दोघे खाली आले. धीरजने वाकून माझ्याकडे पाहिले आणि जिभेने च्च केले.

"अरे, ही जपान-स्पेक आहे. हिचा गळा आवळून ठेवलाय रे. फिल्टर-बिल्टर बदलून काय होणार? युरोप-स्पेकला कन्व्हर्ट कर. जर्मनीहून कॅम मागव, हा डबा काढ, सरळ पाइप टाक. बघ कशी सुटते ते."

"लीगल आहे का पण?" नचिकेतने विचारले.

"शाकेनच्या दिवशी डबा परत लावायचा. दुसऱ्या दिवशी काढायचा. एवढं काय त्यात! सगळे करतात."

मित्रांनो, मी तिथेच होतो. चौतीस वर्षे रोज विष पिणारा मी, त्या माणसाच्या लेखी डबा होतो. फिल्टर तुंबला तो माझ्यामुळे? नळ्यांना भेगा माझ्यामुळे? एक जाणकार माणूस दोन दिवस खपून रोग सांगतो, आणि एक पाहुणा जेवल्यावर दोन मिनिटे वाकून निकाल देतो, आणि माणसे ऐकतात कुणाचे, तर पाहुण्याचे!

नचिकेतने ताकेदा-सानना विचारून पाहिले. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "ते काम मी करत नाही." कारण विचारायला तो थांबला नाही. डोंगरापलीकडे एक वर्कशॉप धीरजच्या ओळखीचे होते. तिथे जर्मनीहून मागवलेला कॅमशाफ्ट बसवला, माझे गंजलेले बोल्ट तापवून कापले आणि माझ्या जागी सरळ पाइप टाकला. तिथल्या माणसाने तो लाल दिव्याचा बल्बही काढून टाकला. म्हणाला, "आता याची गरज नाही." मला एका खोक्यात घालून घरी आणले आणि गाडी ठेवतात त्या छपराखाली, दाराजवळच्या फळीवर ठेवले.

पहिल्या दिवशी नचिकेत किती खूश होता! तो डोंगरावर जाऊन आला, उतरताना मोठ्याने गाणे म्हणत होता. गाडी खरोखर जोरात पळत होती. पण ती छपराखाली येऊन थांबली तेव्हा तिच्या मागून कच्च्या पेट्रोलचा, डोळ्यांना झोंबणारा वास येत होता. कौमुदी नाक दाबून म्हणाली, "बाबा, कुसाई! खूप घाण वास येतो."

"जुनी गाडी आहे ना, येतो थोडा."

आधी येत नव्हता. हे तिला माहीत होते, मला माहीत होते, आणि त्यालाही माहीत होते.

मोरिमोतो-सान यांची कपडे वाळत घालायची जागा आमच्या छपराला लागून. नचिकेत सकाळी सातला गाडी सुरू करायचा आणि त्यांच्या चादरींवर धूर जायचा. त्यांनी कपडे घरात वाळत घालायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात त्या बाजूची खिडकी बंद झाली, ती उन्हाळाभर उघडली नाही. या देशात माणसे असेच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ऐकायचे नसेल तर ते सहज निसटते. अनघाने एकदा विचारले, "फुमी-बाचान हल्ली कपडे बाहेर का नाही घालत रे?" नचिकेत म्हणाला, "ऊन कडक आहे म्हणून असेल." कपडे वाळवायला ऊन कडक आहे! मी फळीवर बसून हे ऐकत होतो, आणि माझ्या पोलादाला संताप येत होता.

शाळेने पहिलीच्या मुलांना सुट्टीत वाढवायला दिलेली फुलझाडाची कुंडी माझ्या शेजारी होती. कौमुदी रोज पाणी घालायला यायची. एकदा तिने खोक्यात डोकावून पाहिले.

"बाबा, यात मधमाश्यांचं घर आहे!"

"ते शोकुबाई आहे, बेटा."

"कुठली बाई? मग ती बाहेर का झोपते?"

नचिकेत हसला. तिने मात्र त्या दिवसापासून कुंडीला पाणी घातले की मला "शोकूबाई, ओहायो" म्हणायला सुरुवात केली, म्हणजे सुप्रभात. एवढ्या मोठ्या घरात त्या काळात मला कामाची वस्तू समजणारी ती एकटी होती.

नोव्हेंबरात शाकेन आले. मला पुन्हा वर्कशॉपमध्ये नेले, धूळ पुसली आणि गाडीखाली बसवले. मला वाटले, चला, यांना शहाणपण आले. पण कॅमशाफ्ट युरोपचाच होता, सेन्सर मेलेलाच होता. त्यांनी एक स्क्रू फिरवून तपासणीपुरते पेट्रोल कमी केले. तपासणी अधिकाऱ्याने मागच्या पाइपात नळी घातली, आकडे पाहिले आणि म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीला शोकुबाई छान काम करतोय." त्याने शिक्का मारला.

मित्रांनो, ताकेदा-सान सोडून पहिल्यांदाच कुणी माझे कौतुक केले, आणि ते खोट्यासाठी. प्रामाणिकपणाचा दाखला मिळवायला मला उभे केले होते, आणि उद्या पुन्हा खोक्यात टाकायचे आधीच ठरले होते. कुणाला वाटते वस्तूला मान नसतो. मला त्या दिवशी मान होता, म्हणूनच तो गेला.

वर्कशॉपवाल्याने स्क्रू लगेच परत फिरवला. मला काढायला त्याला दोन दिवस सवड नव्हती. "असेच घेऊन जा, परवा आणा," तो म्हणाला. नचिकेत मला घेऊन द्रुतगती मार्गाने घरी निघाला. इंजिन जास्तीचे पेट्रोल ओतत होते. ते न जळताच माझ्यात येत होते आणि माझ्या आत पेट घेत होते. मी लाल झालो. मग पांढरा होत गेलो. माझा तापमापक जिवाच्या आकांताने सांगत होता, पण सांगणार कुठे? दिव्याचा बल्ब त्यांनी काढून टाकला होता. नचिकेतने गाणे लावले होते. घाटाच्या बोगद्यात माझे पोळे मधोमध वितळले आणि तुटले.

दोन दिवसांनी मला काढून फळीवर ठेवले तेव्हा मी आतून खुळखुळत होतो. कुणाच्या लक्षात आले नाही. लक्षात आले ते कौमुदीच्या. तिने खोके हलवले आणि दुपारी मोरिमोतो-सानना सांगितले, "आमची शोकूबाई आजारी आहे. बाबांनी तिला गाडीत नेलं होतं, आता परत बाहेर ठेवलंय."

पुढच्या रविवारी सकाळी मोरिमोतो-सान आमच्या दाराशी आल्या. इस्त्रीचा कोट, हातात कागदात बांधलेला मिठाईचा खोका. नचिकेत आणि अनघा दोघेही बाहेर आले. त्या कमरेतून वाकल्या आणि म्हणाल्या, "एक विनंती आहे. गाडी मला परत विकत द्याल का?"

नचिकेत गोंधळला. "पण तुमचं लायसन्स... म्हणजे, का? काही चुकलं का आमचं?"

"मी चालवणार नाही. झाकून ठेवीन."

"गाडी एकदम ओके आहे, मोरिमोतो-सान. आत्ताच शाकेन पास झालीय."

त्यांनी फळीवर, माझ्याकडे पाहिले. "हो का? कुठल्या दिवशी?"

नचिकेत फळीसमोर येऊन उभा राहिला. मग त्या बोलल्या. शांतपणे, एका दमात, जणू इतकी वर्षे ते कुठेतरी घडी घालून ठेवले होते.

"मी आमागासाकीची. आमच्या लहानपणी तिथे आकाश दिसायचं नाही, धुराडी दिसायची. माझा भाऊ सातोरु. त्याला दमा झाला. झोपता यायचं नाही, म्हणून तो भिंतीला टेकून बसायचा आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवायची. अकरा वर्षांचा होऊन गेला. मोठी झाल्यावर मी गाडी घ्यायला गेले, तेव्हा मला सांगितलं की हिच्यातलं एक यंत्र धूर साफ करतं आणि त्यामुळे ती थोडी हळू जाते. मी म्हटलं, हळू जाऊ दे. तुमची कौमुदी रोज दुपारी माझ्याकडे असते. हल्ली ती खोकते. तुमच्या गाडीमुळेच, असं मी म्हणत नाही. पण मी खिडकी बंद करते, आणि बंद खिडकीत मला ते जुने दिवस आठवतात. माझ्या स्वार्थासाठी मागते आहे. क्षमा करा."

त्या पुन्हा वाकल्या, मिठाई अनघाच्या हातात दिली आणि गेल्या.

अनघाने मिठाईचा खोका पायरीवर ठेवला. मग तिने विचारले, "कुठल्या दिवशी म्हणजे काय, नचिकेत?"

त्याने सांगितले. सगळेच सांगितले.

"तू मला म्हणालास की परफॉर्मन्स अपग्रेड आहे."

"तेच तर आहे. सगळे करतात गं."

"सगळे म्हणजे धीरज," अनघा म्हणाली. "पर्मनंट रेसिडेन्सीचा फॉर्म आत टेबलावर पडलाय. आम्ही इथले कायदे पाळतो, असं सांगून मी सही करणार होते. आणि ते जाऊ दे. ती बाई आपली मुलगी सांभाळते. तिने पाच महिने खिडकी बंद ठेवली आणि तू मला ऊन कडक आहे म्हणालास."

नचिकेत पायरीवर बसला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला मान्य करावे लागेल, जरी ते माझ्या जिभेवर येत नाही. फॉर्म त्या वर्षी भरला गेला नाही. त्याच दुपारी तो शेजारी गेला. काय बोलला ते मला ऐकू आले नाही, पण परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. अनघाला म्हणाला, "त्या म्हणाल्या, गाडी ठेवा, पण नीट ठेवा." धीरजला फोन करून त्याने सगळे सांगितले. धीरज हसला असावा, कारण नचिकेतने फोन मध्येच ठेवला. त्यानंतर धीरज आमच्याकडे जेवायला आला नाही.

सोमवारी रजा काढून तो मला डिकीत घालून ताकेदा-सानकडे गेला. जुना कॅमशाफ्ट नशिबाने त्याने फेकला नव्हता. ताकेदा-सान यांनी मला हातात घेतले, पेराने टकटक केली, आणि आतले तुकडे खुळखुळले. त्यांचा चेहरा पडला.

"हा गेला," ते म्हणाले.

"कशाने?" नचिकेतने विचारले.

ताकेदा-सान गोड बोलणारे नाहीत. "तुम्ही," ते म्हणाले.

त्यांनी इंजिन मूळचे होते तसे केले. फिल्टर, नळ्या, सेन्सर, सगळे बदलले. माझ्या जागी नवा शोकुबाई आणला. लाल दिव्याचा बल्ब बसवला. मुदत संपलेली नसताना नचिकेतने गाडी स्वतःहून पुन्हा तपासून घेतली, या वेळी कुठलाही स्क्रू न फिरवता. गाडी आता चढावर धापा टाकत नाही. युरोपच्या गाडीइतकी ती पळत नाही, आणि पळणारही नाही. काल कळले, मोरिमोतो-सान यांची खिडकी आता उघडते. कौमुदीचा खोकला कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही.

आणि मी? मी ताकेदा-सान यांच्या वर्कशॉपच्या मागे, भंगाराच्या पिंपात आहे. उद्या ट्रक येईल. मला फोडतील, माझ्यातले प्लॅटिनम काढतील, ते दुसऱ्या कुणाच्या पोळ्यात जाईल. त्याचे मला दुःख नाही. तो वस्तूचा चांगला शेवट आहे.

काल नचिकेत कौमुदीला घेऊन इथे आला होता. तिने पिंपात वाकून मला शोधले. "शोकूबाई, सायोनारा," म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, तू गोमेन म्हण, सॉरी म्हण. तू तिला मोडलंस ना?"

तो इकडेतिकडे पाहू लागला. ताकेदा-सान यांनी मुद्दाम पाठ फिरवली. मग तो पुण्याचा इंजिनिअर एका भंगाराच्या पिंपासमोर कमरेतून वाकला आणि मराठीत म्हणाला, "चुकलो."

मी त्याला माफ केले नाही. राग धरून नव्हे. माफ करायचा हक्क माझा नाही. माझा तुटलेला भाग बदलता येतो. पाच महिने एका म्हातारीच्या आणि एका मुलीच्या छातीत जे गेले, ते कुठल्या वर्कशॉपमध्ये बदलून देतात?

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस गाडी घ्याल. कुणीतरी वाकून पाहील, च्च करेल आणि म्हणेल की हा डबा काढून टाक, गाडी उडेल. तेव्हा ती उडते की नाही हे पुढे बसून ठरवू नका. इंजिन चालू ठेवा, खाली उतरा, मागे जाऊन उभे राहा आणि तिथे एक लांब श्वास घ्या.